हैतीच्या देवांसमोर नमलेला कॅमेरा

१३ ऑक्टोबर १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने माया डेरेन हिचे निधन झाले, तेव्हा तिचे वय अवघे ४४ वर्षांचे होते. अमेरिकेतील प्रायोगिक चित्रपटाची जननी म्हणून तिचे नाव तोवर पक्के झाले होते. पाच-सात छोट्या मूकपटांच्या बळावर तिने हॉलीवूडच्या सावलीबाहेर चित्रपटाची एक स्वतंत्र वाट पाडली होती. मात्र तिच्या मागे जो ऐवज उरला, त्यात एक कोडेही होते. कॅरिबियन समुद्रातील हैती या देशात १९४७ ते १९५४ या काळात तिने चित्रित केलेली सुमारे १८ हजार फूट फिल्म आणि कित्येक तासांची ध्वनिमुद्रणे तशीच पडून होती. संकलनात तिचा हात धरणारे त्या काळात फार थोडे होते. तरीही आयुष्यातील हे सर्वांत मोठे चित्रण तिने अखेरपर्यंत जोडले नाही. हैतीच्या देवांचे, त्यांच्या ढोलांचे आणि गाण्यांचे हे भांडार आज कॅरिबियन धर्मसंगीताच्या अभ्यासकांना अमोल वाटते. ते जमवणाऱ्या स्त्रीने त्यावर कात्री का चालवली नाही, हे समजून घ्यायचे तर तिच्या आयुष्याची वाट आरंभापासून पाहावी लागते.

मायाचे मूळ नाव एलिओनोरा देरेन्कोव्स्की. २९ एप्रिल १९१७ रोजी युक्रेनमधील कीव्ह शहरात एका सुशिक्षित ज्यू कुटुंबात तिचा जन्म झाला. वडील सॉलोमन हे मनोविकारतज्ज्ञ होते. क्रांती, यादवी आणि ज्यूंच्या कत्तली यांनी तो प्रदेश होरपळून निघाला होता. १९२२ मध्ये हे कुटुंब देश सोडून अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे स्थिरावले. नव्या देशात आडनावाची काटछाट होऊन ते डेरेन असे सुटसुटीत झाले. १९३० ते १९३३ या काळात मुलीला शिक्षणासाठी जिनिव्हातील आंतरराष्ट्रीय शाळेत ठेवण्यात आले. भाषा बदलत गेल्या, देश बदलत गेले आणि कोणत्याही एका मातीत पूर्णपणे न रुजण्याची सवय बालपणीच अंगी बाणली. परक्या संस्कृतीकडे वरून न पाहता तिच्या शेजारी जाऊन बसण्याची जी वृत्ती पुढे हैतीत दिसली, तिचे मूळ या निर्वासित बालपणात शोधता येते.

परतल्यावर तिने सिरॅक्यूज विद्यापीठात वृत्तविद्या आणि राज्यशास्त्राचा अभ्यास आरंभला. समाजवादी युवक चळवळीत ती हिरिरीने उतरली. अठराव्या वर्षी चळवळीतल्याच ग्रेगरी बार्डाकी याच्याशी तिने लग्न केले. ते फार काळ टिकले नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी १९३६ मध्ये, तर स्मिथ कॉलेजची इंग्रजी साहित्यातील पदव्युत्तर पदवी १९३९ मध्ये तिच्या हाती आली. फ्रेंच प्रतीकवादी कवींचा इंग्रजी कवितेवरील प्रभाव हा तिच्या प्रबंधाचा विषय होता. ती स्वतः कविता लिहीत असे. परंतु मनात उमटणारी चित्रे शब्दांत उतरवताना काहीतरी निसटते, ही खंत तिला सतावत होती.

या वळणावर तिची गाठ पडली ती कॅथरीन डनहॅम या विलक्षण स्त्रीशी. डनहॅम ही कृष्णवर्णीय नर्तकी होती आणि मानववंशशास्त्राची अभ्यासकही. १९३५-३६ मध्ये तिने जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैती येथे राहून तेथील नृत्यांचा अभ्यास केला होता. काही नृत्ये छोट्या कॅमेऱ्यावर टिपलीही होती. १९४१ च्या सुमारास डेरेन तिची चिटणीस म्हणून काम करू लागली आणि तिच्या नृत्यसंचाबरोबर अमेरिकाभर फिरली. डनहॅमची टिपणे हाताळताना, तिच्या नर्तकांच्या तालमी पाहताना डेरेनच्या मनात हैतीने घर केले. १९४२ मध्ये नृत्यातून होणाऱ्या दैवी संचारावर तिने एक लेखमालाही लिहिली. मराठी माणूस ज्याला अंगात येणे म्हणतो, त्या अनुभवाचे तिला वाटणारे कुतूहल असे हैतीत पाऊल ठेवण्याच्या पाच वर्षे आधीचे आहे.

नृत्यसंचाबरोबरच ती लॉस एंजेलिसला पोहोचली. तेथे चेकोस्लोव्हाकियातून आलेला छायाचित्रकार अलेक्झांडर हॅमिद तिला भेटला आणि १९४२ मध्ये ते विवाहबद्ध झाले. एलिओनोराची माया झाली ती याच काळात. बुद्धाच्या मातेचे हे नाव हॅमिदने सुचवले, असे सांगतात. संस्कृतात माया म्हणजे आभास, हेही दोघांना ठाऊक होते. पडद्यावरच्या छायाप्रकाशाशी संसार मांडू पाहणाऱ्या स्त्रीला याहून समर्पक नाव मिळणे कठीण होते.

वडिलांच्या मृत्यूनंतर हाती आलेल्या पैशांतून तिने १६ मिलिमीटरचा एक जुना बोलेक्स कॅमेरा विकत घेतला. याच कॅमेऱ्यावर १९४३ मध्ये माया आणि हॅमिद यांनी मिळून ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ हा अवघ्या १४ मिनिटांचा चित्रपट स्वतःच्या घरात, जवळजवळ फुकटात तयार केला. किल्ली, सुरी, फूल, आरशाच्या चेहऱ्याची काळी आकृती, अशा मोजक्या वस्तूंतून उलगडणारे हे दुःस्वप्न पुढे चित्रपटाच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. त्यानंतर ‘ॲट लँड’ (१९४४), नर्तक टॅली बीटी याच्यासह केलेला ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’ (१९४५) आणि ‘रिच्युअल इन ट्रान्सफिगर्ड टाइम’ (१९४६) हे चित्रपट आले. एका ठिकाणी उचललेले नर्तकाचे पाऊल दुसऱ्याच ठिकाणी टेकते, अशी किमया ती निव्वळ संकलनातून साधत असे. १९४६ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधील प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस भाड्याने घेऊन तिने आपले चित्रपट स्वतःच दाखवले, आणि प्रेक्षकांची रीघ लागली. त्याच वर्षी तिला गुगेनहाइम पाठ्यवृत्ती मिळाली. चित्रपटातील सर्जनशील कामासाठी ही पाठ्यवृत्ती मिळवणारी ती पहिली व्यक्ती होती.

पाठ्यवृत्तीच्या पैशातून हैतीला जायचे, हे ठरलेलेच होते. मात्र त्या वेळी तिच्या डोक्यातला बेत वेगळा होता. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि मार्गारेट मीड यांनी १९३० च्या दशकात बाली बेटावर केलेले चित्रण बेटसनने तिला पाहू दिले होते. ती रिळे तिने पुनःपुन्हा पाहिली, त्यांवर वहीत पानेच्या पाने टिपणे केली. बालीतील विधी, हैतीतील विधी आणि मुलांचे खेळ यांची एकत्र गुंफण करून, जशी अनेक सुरांची एकच रचना व्हावी, तसा एक चित्रपट करण्याचा तिचा मानस होता. हैतीचे नृत्य तिला निव्वळ आकृती म्हणून हवे होते. त्याचा अर्थ, त्यामागचे पुराण हा तिच्या दृष्टीने त्या वेळी गौण भाग होता.

ज्या हैतीत ती निघाली होती, त्या देशाचा आणि त्याच्या धर्माचा इतिहास मोठा खडतर आहे. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये आपले स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले. त्या उठावाचा आरंभ बुवा काइमान येथील एका रात्रीच्या धार्मिक विधीने झाला, अशी हैतीवासीयांची श्रद्धा आहे. पश्चिम आफ्रिकेतील फोन आणि योरुबा, तसेच मध्य आफ्रिकेतील काँगो प्रदेशातील लोकांचे देव, त्यांत मिसळलेले कॅथलिक संत, यांतून जो धर्म आकाराला आला तो वोडू. अमेरिकेने १९१५ ते १९३४ अशी १९ वर्षे हैती आपल्या लष्करी अमलाखाली ठेवली, आणि त्याच काळात तेथील धर्माविषयीच्या भडक कहाण्या अमेरिकेत खपू लागल्या. विल्यम सीब्रुक याचे ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक १९२९ मध्ये आले, पाठोपाठ १९३२ मध्ये ‘व्हाइट झॉम्बी’ हा चित्रपट. बाहुलीत टोचलेल्या टाचण्या आणि चालती प्रेते एवढीच या धर्माची ओळख जगाला झाली. खुद्द हैतीतही परिस्थिती फारशी बरी नव्हती. १९३५ च्या कायद्याने या विधींना अंधश्रद्धा ठरवून बंदी घातली. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठबळाने मोहीमच उघडली. देवळे उद्‌ध्वस्त झाली, पूजेच्या वस्तू आणि पवित्र ढोल जाळले गेले. माया डेरेन हैतीत उतरली ती या होळ्या विझून जेमतेम पाच वर्षे होत असताना.

तिच्याआधीही काही अभ्यासक ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन या बेटांवर फिरले होते. मेलव्हिल हर्स्कोविट्स १९३४ मध्ये हैतीतील मिर्बाले येथे राहिला. पुढे १९३९ मध्ये त्रिनिदादमधील टोको गावी त्याने तेथील धार्मिक गाणी ध्वनिमुद्रित केली. एकविशीतला ॲलन लोमॅक्स १९३६ च्या डिसेंबरात हैतीत आला आणि पुढच्या काही महिन्यांत ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर त्याने सुमारे ५० तासांचे संगीत टिपले. कादंबरीकार झोरा नील हर्स्टन त्याच सुमारास तेथे होती. तिचे हैती आणि जमैकावरील पुस्तक १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. हॅरॉल्ड कुरलँडर यानेही हैतीची गाणी मुद्रित केली. हे सारे अभ्यासक होते; गाणे, गोष्ट, शब्द गोळा करणे हा त्यांचा हेतू होता. माया आली होती ती कलावंत म्हणून, स्वतःची कलाकृती घडवण्यासाठी.

१९४७ च्या सप्टेंबरात ती पोर्ट-ओ-प्रिन्सला पोहोचली आणि पहिल्याच मुक्कामात सुमारे आठ महिने राहिली. राजधानीच्या आसपासच्या वस्त्यांतील देवळांत तिचे जाणे-येणे सुरू झाले. हैतीत स्थायिक झालेल्या ओडेट मेनेसाँ-रिगो या फ्रेंच अभ्यासिकेची तिला मोलाची मदत झाली. मायाने प्रश्नावल्या काढल्या नाहीत. ती देवळात बसे, माणसांत मिसळे आणि पुजाऱ्याने परवानगी दिली तरच कॅमेरा बाहेर काढी. मानववंशशास्त्राचे रीतसर शिक्षण नसल्याने लोकांना छेडण्याची घाई तिला नव्हती.

वोडूच्या विधीत संगीत ही सजावट नसते. देव ज्या वाटेने येतो ती वाटच संगीताची असते. देवळाच्या मध्यभागी एक खांब असतो. त्याच खांबावरून देव खाली उतरतात. त्याच्याभोवती पुजारी जमिनीवर मक्याच्या पिठाने त्या त्या देवाचे चिन्ह रेखाटतो. चिमटीतून पीठ सोडत काढलेली ही ‘वेवे’ची नक्षी पाहून मराठी वाचकाला रांगोळी आठवल्याखेरीज राहणार नाही, मात्र पुढच्या नृत्यात नाचणाऱ्यांच्या पावलांखाली ती पुसली जाते, जावीच लागते. पुजाऱ्याच्या हाती ‘आसों’ असते. वाळलेल्या भोपळ्याभोवती मणी आणि सापाच्या मणक्यांची जाळी गुंफून हा खुळखुळा करतात. तेच त्याच्या अधिकाराचे चिन्ह. आरंभी येतो लेग्बा, दोन जगांमधले दार उघडणारा वृद्ध देव. त्याला आळवल्याविना इतर कोणत्याही देवाला हाक मारता येत नाही. मग ठरलेल्या क्रमाने सर्परूपी दांबाला, समुद्राचा स्वामी आग्वे, प्रेम आणि विलासाची देवता एर्झुली, लोखंडाचा आणि युद्धाचा देव ओगू, आणि मृतांचा थट्टेखोर धनी गेदे. गायनप्रमुख ओळ उचलते, पांढऱ्या वेशातील भक्त स्त्रिया ती झेलतात.

ढोलांचेही कुळाचार आहेत. ‘रादा’ कुळातील देवांसाठी तीन ढोल लागतात. सर्वांत मोठा ‘मामां’ म्हणजे आई, मधला ‘सेगों’ आणि सर्वांत लहान ‘बुला’. त्यांच्या साथीला ‘ओगान’ हा लोखंडी टोल. लहान ढोल आणि लोखंड मिळून एक अखंड चौकट धरून ठेवतात. मोठा ढोल त्या चौकटीवर नर्तकांशी बोलतो. ‘पेत्रो’ कुळातील उग्र देवांचे ढोल निराळे, त्यांचा ठेकाही तिखट. रादा विधीत मोठ्या ढोलाचा वादक मधूनच चालू लय मोडतो. या मोडीला ‘कासे’ म्हणतात. लयीच्या ओघात वाहणारा नर्तक त्या क्षणी आधार सुटल्यासारखा लडखडतो, आणि अनेकदा त्याच क्षणी देव त्याच्या अंगात शिरतो. हैतीच्या भाषेत तेव्हा तो माणूस देवाचा घोडा झालेला असतो. देव स्वार होतो आणि घोड्याला नंतर काही आठवत नाही. वादकाच्या हाती केवढी सत्ता असते, ती तो किती जबाबदारीने वापरतो, याचे मायाने केलेले विवेचन आजही वाचण्याजोगे आहे. संकलनात लय कोठे मोडायची, हे जाणणाऱ्या व्यक्तीलाच ते सुचू शकले असावे.

हे सारे यंत्रात पकडणे मात्र सोपे नव्हते. बोलेक्सला किल्ली द्यावी लागे आणि एका किल्लीत जेमतेम अर्धा मिनिट चित्रण होई. १०० फुटांचे रीळ नेहमीच्या गतीने पावणेतीन मिनिटांत संपे. रात्रभर चालणारा विधी असा तुकड्यातुकड्यांनीच टिपता येई. ध्वनी टिपण्यासाठी बारीक तारेवर आवाज मुद्रित करणारा वायर रेकॉर्डर होता. कॅमेरा आणि रेकॉर्डर ही दोन्ही यंत्रे एकमेकांशी जोडलेली नव्हती. त्यामुळे चित्रात ढोलावर पडणारी थाप आणि तारेवर उमटलेली थाप यांचा मेळ बसण्याची शक्यता मुळातच नव्हती. १८ हजार फूट फिल्म म्हणजे नेहमीच्या गतीने सुमारे आठ तास वीस मिनिटांचे चित्रण. त्यात वेवे रेखाटणारे हात आहेत, दांबालासाठी पाठीतून लाट खेळवणारे ‘यांवालू’ नृत्य आहे, आग्वेसाठी नैवेद्याने भरलेला तराफा समुद्रात सोडण्याचा सोहळा आहे, बळी आहेत, आणि रस्त्यावरून वाजतगाजत जाणारी ‘रारा’ची मिरवणूकही आहे. काही भाग तिने मंदगतीत टिपले. त्यांत संचार होतानाचे चेहऱ्यावरचे बदल क्षणाक्षणाने दिसतात.

या सगळ्यात तिचा मूळ बेत हळूहळू ढासळत गेला. नृत्य निव्वळ आकृती म्हणून उचलून बालीच्या शेजारी ठेवू, हा विचार हैतीच्या अंगणात टिकेना. पुराणाविना नृत्याला अर्थ नव्हता, श्रद्धेविना लय पोकळ होती आणि कोणत्याही तुकड्याला त्याच्या जागेवरून हलवले की त्याचे सत्य हरपत होते. माया भक्तगणांत दीक्षित झाली. विधी पाहता पाहता ती त्यात ओढली गेली आणि एर्झुलीचा संचार आपल्याला झाला, असे तिने पुढे लिहिले. त्या अनुभवाचे वर्णन तिने पुस्तकाच्या अखेरच्या प्रकरणात केले आहे. डोळ्यांपुढे पसरणारा पांढरा काळोख, पाय जमिनीत रुतल्याचा भास, स्वतःचे भान सुटतानाची भीती आणि ओढ, हे सारे तिने कोणताही आव न आणता मांडले. शास्त्रज्ञाने असे लिहावे का, असा प्रश्न तेव्हाच्या विद्वानांना पडला. आजच्या अभ्यासकांना मात्र तो मजकूर त्या ग्रंथाचा कणा वाटतो.

ग्रंथाचे श्रेय काही अंशी पुराणकथांचा भाष्यकार जोसेफ कॅम्पबेल याला जाते. चित्रपट होत नसेल तर लिही, असा आग्रह त्याने धरला. त्याच्याच संपादनाखालील मालेत ‘डिव्हाइन हॉर्समन’ हे पुस्तक १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी इलेक्ट्रा कंपनीने ‘व्हॉइसेस ऑफ हैती’ ही मायाच्या ध्वनिमुद्रणांची छोटी तबकडी बाजारात आणली. क्रुवा-दे-मिस्यों आणि पेत्योंव्हिल या राजधानीलगतच्या भागांत प्रत्यक्ष विधी चालू असताना टिपलेली ही गाणी होती. ती स्टुडिओत बोलावून गाऊन घेतलेली नव्हती. पुस्तकात त्रुटी नाहीत असे नव्हे. पेत्रो विधींचे मूळ कॅरिबियन आदिवासींत शोधण्याचा तिचा सिद्धान्त पुढच्या संशोधकांनी फारसा मान्य केला नाही. त्यांनी काँगोकडे बोट दाखवले. परंतु या धर्माला जादूटोण्याच्या कोपऱ्यातून बाहेर काढून एक सुसंगत जीवनदृष्टी म्हणून मांडणाऱ्या सुरुवातीच्या इंग्रजी ग्रंथांत तिच्या पुस्तकाची गणना होते, आणि सात दशकांनंतरही ते वाचले जाते.

चित्रपट मात्र झाला नाही. हैतीचा ध्वनी तिने आपल्या एकाच कलाकृतीत वापरला. ‘मेडिटेशन ऑन व्हायलन्स’ (१९४८) या चिनी युद्धकलेवरील चित्रपटात बासरीच्या सुरांना हैतीचे ढोल येऊन मिळतात. बाकीची फिल्म डब्यांतच राहिली. पैशांची चणचण हे त्याचे एक कारण. पाठ्यवृत्ती संपली होती आणि नव्या मदतीचे दरवाजे उघडत नव्हते. त्याहून खोल कारण तिच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत सापडते. कलावंत म्हणून हैतीला आपल्या आकृतीत बसवायला ती गेली होती. परतताना त्या वास्तवाची अखंडता मान्य करून केवळ नम्र नोंद ठेवण्यापलीकडे आपल्याला काही करता येणार नाही, अशी कबुली तिने तेथे दिली आहे. हा पराभव तिने अपमान म्हणून लिहिलेला नाही. जोडणे आणि कापणे हीच जिची भाषा होती, तिने या एका विषयापुढे आपली भाषा बाजूला ठेवली.

अखेरच्या दशकात तिचे जगणे ओढाताणीचे होते. हॅमिदशी १९४७ मध्येच फारकत झाली होती. तिच्याहून १८ वर्षांनी लहान असलेला जपानी वंशाचा संगीतकार टेइजी इटो तिच्या आयुष्यात आला. १९५४ मध्ये तोही तिच्याबरोबर हैतीला गेला आणि तेथील ढोल शिकला. १९६० मध्ये त्यांनी लग्न केले. प्रायोगिक चित्रपटकारांना आधार मिळावा, म्हणून तिने ‘क्रिएटिव्ह फिल्म फाउंडेशन’ ही संस्था उभारली, गावोगाव व्याख्याने दिली. ‘द व्हेरी आय ऑफ नाइट’ हा तिचा शेवटचा पुरा झालेला चित्रपट १९५९ मध्ये प्रदर्शित झाला. मॉर्टन स्ट्रीटवरील घरात हैतीच्या देवांची पूजा होई, ढोल वाजत, मित्रमंडळी जमत. घरात अन्न मात्र पुरेसे नसे. कुपोषण आणि उत्तेजक औषधांची सवय यांनी शरीर पोखरले होते. ती गेल्यावर देवांचा कोप झाला, अशाही वावड्या उठल्या. ज्या धर्माविषयीच्या अशा कहाण्या खोडून काढण्यात तिने उमेद घालवली, त्याच कहाण्यांनी तिच्या मृत्यूलाही सोडले नाही. तिची रक्षा टेइजीने जपानमध्ये फुजी पर्वतावर विसर्जित केली.

डब्यांतल्या त्या फिल्मचे पुढे काय झाले? टेइजी आणि त्याची नंतरची पत्नी शेरेल यांनी तिला हात घातला. मायाच्या पुस्तकातील उतारे निवेदन म्हणून घेऊन आणि तिच्याच ध्वनिमुद्रणांची जोड देऊन त्यांनी ५२ मिनिटांचा ‘डिव्हाइन हॉर्समन’ हा चित्रपट सिद्ध केला. सूचींमध्ये त्याचे वर्ष १९७७ पासून १९८५ पर्यंत वेगवेगळे आढळते. टेइजीचा १९८२ मध्ये हैतीतच मृत्यू झाला. आज जगभरचे विद्यार्थी मायाचे हैती पाहतात ते या चित्रपटातून. अभ्यासकांनी मात्र त्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे. पडद्यावर दिसणारा विधी आणि कानी पडणारे गाणे ही एकाच वेळची असतीलच असे नाही. सलग निवेदनाची जी चौकट त्याला दिली आहे, ती मायाने दिलेली नाही. मंदगतीतले नृत्य आणि पूर्ण वेगातला ढोल एकत्र ऐकताना चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. म्हणून संगीताचा अभ्यास करणारे तयार चित्रपटाच्या मागे जाऊन मूळ साधनांकडे वळतात. तिची कागदपत्रे बॉस्टन विद्यापीठाच्या अभिलेखागारात, तर हैतीतील चित्रण न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म अर्काइव्ह्जमध्ये जपलेले आहे. टिपणवही, तबकडी आणि रीळ शेजारी शेजारी ठेवून कोणता ठेका कोणत्या देवाचा, वादकाचा हात कोठे पडतो, लय मोडताच नर्तकाचे पाऊल कसे अडखळते, हे पडताळावे लागते. एकट्या आवाजातून नृत्य कळत नाही आणि मुक्या चित्रातून ताल.

लोमॅक्सच्या तबकड्यांचीही अशीच कथा आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सत्तर वर्षे राहिलेले ते संगीत स्वच्छ करून २००९ मध्ये दहा सीडींच्या संचात प्रसिद्ध झाले. दरम्यान हैतीतही काळ पालटला होता. १९८७ च्या राज्यघटनेनंतर जुनी बंदी गेली आणि २००३ मध्ये सरकारने वोडूला धर्म म्हणून अधिकृत मान्यता दिली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे ढोल १९४१-४२ च्या होळीत जळाले, त्यांच्यासाठी या जुन्या तारांवरचे, तबकड्यांवरचे आणि फितींवरचे आवाज म्हणजे विद्वानांचा कच्चा माल नसून घरचा ठेवा आहे.

मायाने तो ठेवा कापला असता, स्वतःच्या प्रतिभेच्या साच्यात घातला असता, तर जगाला कदाचित आणखी एक सुंदर चित्रपट मिळाला असता. आठ तासांचे ते न कापलेले चित्रण मात्र उरले नसते. प्रतिभावंताने केव्हा थांबावे, हा प्रश्न कलेच्या इतिहासात फार थोड्यांना पडतो. माया डेरेनला तो हैतीत पडला, आणि तिने थांबणे पत्करले. त्यामुळेच गेदेची ऐटबाज चाल, आग्वेच्या तराफ्याभोवती उचंबळणारे पाणी आणि मोठ्या ढोलाने अचानक मोडलेली लय आजही अभ्यासकांना, आणि हैतीच्या नव्या पिढ्यांनाही, बरीचशी जशीच्या तशी भेटू शकते.